नऊ वेळा विचारपूस

जीव द्यायचा प्रयत्न करून वाचलेल्या माणसाशी, तो दवाखान्यातून घरी जायच्या आधी, तासभर बोलायचं. मग पुढच्या अठरा महिन्यांत नऊ वेळा त्याची विचारपूस करायची, फोनवर किंवा घरी जाऊन. इलाज म्हणून एवढंच. जागतिक आरोग्य संघटनेनं चेन्नई, कोलंबो, ब्राझीलमधलं कॅम्पिनास, इराणमधलं कराज आणि चीनमधलं युनचेंग या पाच ठिकाणच्या दवाखान्यांत हा प्रयोग करून पाहिला. त्यात १,८६७ माणसं होती. कोणाला नुसते नेहमीचे उपचार मिळणार आणि कोणाला त्यांच्या जोडीला ही विचारपूस, हे पूर्णपणे योगायोगावर सोडलेलं होतं. २००८ साली निकाल छापून आला. दीड वर्षात नेहमीच्या उपचारांच्या गटातले १८ जण आत्महत्येनं गेले होते. विचारपूस झालेल्या गटातले गेले २. टक्क्यांत मांडायचं तर २.२ आणि ०.२.

एखाद्या नव्या गोळीनं मृत्यू निम्म्यावर आणले तरी जगभर बातमी होते. इथे दहातला एकच उरला, आणि तोही तारखांच्या एका यादीच्या बळावर. पहिला आठवडा, दुसरा, चौथा, सातवा, अकरावा. मग चौथा महिना, सहावा, बारावा आणि अठरावा. सगळे मिळून मृत्यू वीसच होते, तेव्हा 'दहापट' या आकड्याला फार चिकटून बसू नये, हे खरं. पण २०१७ साली आत्महत्या रोखण्याच्या वेगवेगळ्या उपायांच्या ७२ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हाही मृत्यू कमी झाल्याचं स्पष्ट दिसलं ते याच साध्या पद्धतीच्या बाबतीत.

हे वाचताना मला सारखे शहापूर आणि मुरबाड दिसत होते. २०१४ साली पालघर वेगळा झाला आणि ठाणे जिल्ह्याचा खरा ग्रामीण, डोंगराळ भाग म्हणून हे दोन तालुके उरले. २०११च्या जनगणनेत शहापूरची लोकसंख्या तीन लाखांच्या वर होती, मुरबाडची दोन लाखांच्या जरा आत. शहापुरातून मध्य रेल्वेची लोकल कसाऱ्यापर्यंत जाते, मुरबाडला रेल्वेच नाही. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी, आगरी अशी वस्ती. भाताची शेती पावसाच्या चार महिन्यांची. तरुण मंडळी कल्याणला, भिवंडीच्या गोदामांत, मुंबईत. काही कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. मधले महिने कित्येक घरांत फक्त म्हातारी माणसं असतात. मनाच्या आजारांचं मोठं सरकारी रुग्णालय ठाण्यात आहे, १९०१ पासूनचं. पण डोळखांब किंवा टोकावड्याहून तिथे जाऊन यायचं म्हणजे एक अख्खा दिवस, सोबतीला एक माणूस आणि त्या माणसाची बुडालेली मजुरी.

तज्ज्ञ डॉक्टर या वाड्यापाड्यांवर पोचवणं अवघड आहे. विचारपूस पोचवणं तितकं अवघड नाही. म्हणूनच साठी उलटलेला माणूस असा प्रयत्न करून वाचतो तेव्हा पुढे त्याचं काय होतं, आणि ते कशानं बदलतं, हे इथल्या माणसांना कळायला हवं.

सदुसष्ट पट आणि साडेअठ्ठ्याण्णव

आधी भीतिदायक आकडा. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड, मँचेस्टर आणि डर्बी इथल्या दवाखान्यांत २००० ते २००७ या काळात स्वतःला इजा करून घेऊन आलेल्या, साठ किंवा त्याहून अधिक वयाच्या १,१७७ माणसांचा मागोवा घेतला गेला. त्याच वयाच्या सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत त्यांच्यात आत्महत्येचा धोका ६७ पट निघाला. सर्वांत जास्त धोका पंचाहत्तरीपुढच्या पुरुषांना.

आता त्याच अभ्यासातला दुसरा आकडा. वर्षभरात त्यांतले १.५ टक्के आत्महत्येनं गेले. म्हणजे शंभरातल्या साडेअठ्ठ्याण्णवांच्या बाबतीत तसं घडलं नाही. वर्षभरात पुन्हा प्रयत्न केला तो सुमारे तेरा टक्क्यांनी. उरलेल्या सत्त्याऐंशी टक्क्यांनी केला नाही.

दोन्ही आकडे एकाच वेळी खरे आहेत. म्हाताऱ्या माणसांत आत्महत्या मुळातच विरळ, त्यामुळे विरळ गोष्टीच्या ६७ पट झाली तरी ती शंभरात दीडच भरते. सदुसष्ट हा आकडा डॉक्टरांसाठी आहे: या माणसाला सोडू नका. साडेअठ्ठ्याण्णव हा आकडा घरच्यांसाठी आहे: हा माणूस हातचा गेलेला नाही. गावात बहुधा दुसरा आकडा कोणी सांगतच नाही. 'एकदा मनात आलं ते पुन्हा येणारच' असं बोललं जातं, आणि पुढे सगळे त्या माणसाकडे घाबरूनच बघतात.

वयाचा फरक मात्र मोठा आहे. सर्व वयांची माणसं धरली तर एका मृत्यूमागे वीसहून अधिक प्रयत्न असतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज. उतारवयात हे प्रमाण चाराच्या आसपास येतं. थकलेलं शरीर इजा सोसत नाही. म्हातारा माणूस एकटा असतो, त्यामुळे मदत उशिरा पोचते. शिवाय तो आधी फारसं बोलून दाखवत नाही. म्हणून या वयातला एकही प्रयत्न 'लक्ष वेधून घ्यायला केला' असं म्हणून सोडून देता येत नाही. तो वाचला, याचा अर्थ दार अजून उघडं आहे. आत जायला वेळ मात्र थोडा असतो: धोका पहिल्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत सगळ्यांत जास्त. त्या यादीतल्या नऊपैकी पाच तारखा पहिल्या अकरा आठवड्यांतच का आहेत, ते यावरून उमगतं.

वर्षानं भेटलेली माणसं

स्वीडनच्या पश्चिम भागात २००३ ते २००६ या काळात सत्तरीपुढची १०३ माणसं अशा प्रयत्नानंतर दवाखान्यात आलेली असताना संशोधक त्यांना भेटले. वर्षानं पुन्हा गेले. काही माणसं वारली होती, काहींना बोलायचं नव्हतं, काहींनी पुन्हा प्रयत्न केला होता. पण जी भेटली त्यांची कहाणी चकित करणारी आहे. वर्षापूर्वी ज्यांना तीव्र नैराश्याचा आजार होता, त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश लोकांत तो आता उरला नव्हता.

ही माणसं सत्तरीची, ऐंशीची. त्यांचे गुडघे तरुण झाले नव्हते, गेलेला जोडीदार परतला नव्हता, घरही तेच होतं. ज्या परिस्थितीत जगणं अशक्य वाटलं होतं, ती पुष्कळशी होती तशीच होती आणि तिच्यातच ही माणसं जगत होती. 'या वयात, या दुखण्यात, एकट्यानं राहून कोणालाही नकोसंच होणार' हे आपलं समंजस वाटणारं वाक्य इथे उताणं पडतं. दुःख आणि नैराश्याचा आजार या दोन गोष्टी आहेत. दुःख वयाबरोबर येऊ शकतं. आजार मात्र बरा होतो, ऐंशीव्या वर्षीसुद्धा.

सत्तर वर्षांचा हिशेब कुठे जातो?

मग त्या एका दिवशी डोक्यात असं काय होतं? पिट्सबर्गच्या संशोधकांनी २०१० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. साठीपुढच्या माणसांना पडद्यावर दोन आकृत्या दाखवायच्या, त्यांतली एक निवडायची. एक आकृती बहुतेक वेळा बरोबर ठरते, पण अधूनमधून मुद्दाम 'चूक' असं सांगितलं जातं. मधेच नियम उलटतो. शहाणा खेळाडू एखाद्या 'चूक'ला भुलत नाही, आतापर्यंतचा एकूण अनुभव बघतो. जीव द्यायचा प्रयत्न केलेली माणसं इथे अडखळली. आधीच्या सगळ्या फेऱ्यांचा अनुभव ती बाजूला ठेवत आणि नुकत्याच मिळालेल्या निकालावरून पुढचं ठरवत. विशेष म्हणजे नैराश्य असलेल्या, पण असा प्रयत्न न केलेल्या वयस्कर माणसांत हे इतकं दिसलं नाही.

मुरबाडच्या जुन्या शेतकऱ्याला एका हुकलेल्या पावसाळ्यानं शेती सोडाविशी वाटत नाही, कारण त्याच्या डोक्यात चाळीस पावसाळे असतात. आजारी मनात ते चाळीस पावसाळे काही काळ पुसले जातात आणि कालचाच पावसाळा उरतो. सुनेचा एक शब्द, डॉक्टरनं सांगितलेलं आजाराचं एक नाव, बँकेतून आलेला एक कागद. सत्तर वर्षांत माणसानं दुष्काळ, बाळंतपणं, मरणं, कर्जं निभावलेली असतात. तो अनुभव कुठे गेलेला नसतो. त्या घडीला मन तो हिशेबात धरत नाही, इतकंच.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉइनर यांनी २००५ साली मांडलेला विचार याच्याशी जुळतो. त्यांच्या मते मरणाची ओढ लावणाऱ्या दोन भावना आहेत: 'मी घरादारावर ओझं झालोय' आणि 'मी कोणाचाच उरलो नाही'. दोन्ही भावना आहेत, वस्तुस्थिती नव्हे, आणि दोन्ही दुसऱ्या माणसाच्या वागण्यानं बदलतात. पहिल्या आठवड्यात दारात उभी राहिलेली नर्स 'मी कोणाचाच नाही' या समजुतीला काहीही न बोलता उत्तर देत असते. ती अकराव्या आठवड्यात पाचव्यांदा येते तेव्हा माणसाच्या अलीकडच्या अनुभवात पाच नव्या फेऱ्या जमा झालेल्या असतात. विचारपूस नेमकी कशामुळे काम करते याचं शेवटचं उत्तर अजून आलेलं नाही. मला वाटतं, ती पुसलेले पावसाळे परत आणत असावी.

अंगदुखी, झोप आणि न लागणारी चव

शहापूर-मुरबाडमधलं कोणतंही म्हातारं माणूस 'मला नैराश्य आलंय' असं म्हणत नाही. ते म्हणतं, हातपाय गळून गेलेत. अन्न गोड लागत नाही. रात्रीच्या दोनपासून डोळा लागत नाही. छातीत धडधडतं. आणि कधीतरी, सहज बोलावं तसं, 'आता वरच्यानं न्यावं'. हे शेवटचं वाक्य आपण म्हातारपणाची भाषा म्हणून कानाआड करतो. पुष्कळदा ती तशी असतेही. पण झोप, भूक आणि माणसांत बसणं या तीन गोष्टी बरोबरीनं सुटल्या असतील, तर ते वाक्य थांबून ऐकायचं असतं.

अशी माणसं डॉक्टरकडे जातात, हे आणखी एक नवल. अमेरिकेतल्या अभ्यासांत आत्महत्येनं गेलेल्या माणसांतली जवळजवळ निम्मी त्याआधीच्या महिनाभरात साध्या डॉक्टरकडे जाऊन आलेली होती, आणि वयस्करांमध्ये हे प्रमाण निम्म्याहूनही जास्त होतं. तक्रार गुडघ्याची, पोटाची, चक्करची. मनाचं कोणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

विचारायचं साधन आपल्या गावात आधीच आलेलं आहे. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो तपासणी फॉर्म भरते, त्यात रक्तदाब आणि तंबाखूच्या प्रश्नांनंतर मनाचेही दोन प्रश्न असतात: गेल्या दोन आठवड्यांत कामात, करमणुकीत रस वाटेनासा झाला का? उदास, हताश वाटलं का? उत्तरांचे गुण ठरावीक आकड्याच्या वर गेले की त्या माणसाला आरोग्य उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे किंवा डॉक्टरकडे पाठवायचं असतं. हे दोन प्रश्न घाईत भरायचे की ओट्यावर बसून, 'आजी, झोप लागते का गं रात्री?' इथून सुरू करून विचारायचे, यावर सगळा फरक पडतो.

'मरणाचे विचार येतात का?' असं थेट विचारायला आपण कचरतो, न जाणो आपल्यामुळेच मनात यायचं. या शंकेचा अभ्यास अनेकांनी केला. २०१४ साली असे अभ्यास एकत्र पाहिले गेले, तेव्हा विचारल्यामुळे असे विचार वाढल्याचं कुठेच आढळलं नाही. उलट माणसाला सुटल्यासारखं वाटतं. इतके दिवस एकट्यानं बाळगलेली गोष्ट दुसऱ्यानं नाव घेऊन उचललेली असते.

इलाज म्हाताऱ्यांवर जास्त चालतो तो

विचारपूस हा पाया, पण आजार असेल तर औषधही लागतं. नैराश्यावरच्या गोळ्यांना उतारवयात परिणाम दाखवायला काही आठवडे जातात. मात्रा कमी ठेवून सुरू करून हळूहळू वाढवावी लागते, आणि कधीकधी रक्तातलं सोडियम उतरतं म्हणून तपासण्या लागतात. याच काळात घरचे म्हणतात, 'गोळ्यांनी काही फरक नाही', आणि बंद करतात. त्या चौथ्या आठवड्याच्या भेटीला इथे औषधाइतकंच मोल आहे.

सर्वांत अनपेक्षित गोष्ट मात्र विजेच्या उपचाराची. हिंदी सिनेमानं 'शॉक'ची जी भीती घातली ती अजून गेलेली नाही. प्रत्यक्षात आज तो भूल देऊन आणि स्नायू सैल करूनच द्यावा लागतो. तसं न करता देण्यावर २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं बंदीच घातली आहे. अमेरिकेत साठीपुढच्या २४० तीव्र रुग्णांवर झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ६२ टक्के लोकांचं नैराश्य या उपचारानं पूर्ण ओसरलं. जेवण सोडलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या, मरणच मागणाऱ्या म्हाताऱ्या माणसावर हा उपचार तरुणांपेक्षाही चांगला चालतो, असं एकाहून अधिक अभ्यासांत दिसलं आहे. बहुतेक उपचार वयाबरोबर बोथट होत जातात, हा अपवाद.

विचारणारा कोण?

नऊ भेटींच्या त्या प्रयोगात विचारपूस करणारी माणसं वैद्यकीय अनुभव असलेली होती, आणि पाचही ठिकाणचे बहुतेक रुग्ण तरुण होते. मग वयस्कर माणसांसाठी, आणि तेही गावातल्याच साध्या माणसांकडून, हे जमेल का?

इटलीच्या व्हेनेतो भागात १९८८ ते १९९८ अशी अकरा वर्षं एक सेवा तपासली गेली. एकटे राहणारे, थकलेले वृद्ध, सरासरी वय ऐंशी. त्यांना आठवड्यातून साधारण दोनदा फोन यायचा: कसे आहात, काही हवंय का. एकूण १८,६४१ माणसं. त्या भागातल्या प्रमाणानुसार त्यांच्यात जवळजवळ २१ आत्महत्या व्हायला हव्या होत्या. झाल्या ६.

गोव्यात 'संगत' या संस्थेनं साठीपुढच्या १८१ लोकांसोबत काम केलं. त्यांना नैराश्याची सौम्य लक्षणं होती, पुरता आजार नव्हता. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी त्यांना अडचणी एकेक करून सोडवायला, झोप सावरायला, साखर-रक्तदाब सांभाळायला शिकवलं. वर्षभरात या गटातल्या ९१ पैकी ४ जणांना नैराश्याचा पुरता आजार झाला. दुसऱ्या गटात ९० पैकी १३ जणांना. हा निकाल २०१९चा. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' हा प्रकल्प झाला. तिथे गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांमुळे दीड वर्षात नैराश्यावर मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. नाशिक जिल्ह्यात 'आत्मीयता' प्रकल्पानं गावातल्याच विश्वासू माणसांना ऐकायला शिकवलं. म्हणजे कसाऱ्याचा घाट चढला की पलीकडेच हे होऊन गेलेलं आहे.

यातली एक दुबळी बाजू मात्र लपवू नये. इटलीत ज्यांना फोन जायचे त्यांच्यात ८४ टक्के बायका होत्या, आणि पुरुषांवर परिणाम तितका ठळक दिसला नाही. जपानच्या अकिता प्रांतातल्या युरी गावात वृद्धांसाठी गटानं एकत्र येण्याचे कार्यक्रम झाले, तिथेही आत्महत्या कमी झाल्या त्या बायकांच्या. जास्त धोका मात्र म्हाताऱ्या पुरुषांना. 'मन कसं आहे?' हा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. आमच्याकडच्या आजोबांना विचारायचं असेल तर बांधावर उभं राहून, बैलांविषयी, मुलाच्या नोकरीविषयी, म्हशाच्या जत्रेविषयी बोलत, काहीतरी काम मागत विचारावं लागेल. ज्याला 'आपला उपयोग संपला' असं वाटतंय, त्याच्याकडून बियाण्याचा सल्ला घेणं हाही विचारपुशीचाच भाग.

नकाशावर नऊ तारखा

आता ही यादी या दोन तालुक्यांवर ठेवून बघू. समजा जुलैमध्ये एक आजी शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयातून घरी गेल्या. पहिल्या आणि दुसऱ्या आठवड्यात लावणी चालू, घरचे पहाटेपासून शेतात, आजी घरात एकट्या. म्हणजे सर्वांत जास्त धोक्याच्या दिवसांत सर्वांत कमी माणसं. ओढ्याला पाणी असेल तर पाड्यापर्यंत वाट बंद. डोंगराआड फोनला रेंज नसते, आणि असली तरी घरातला फोन नातवाच्या खिशात असतो. इथे टेलिफोनवर विसंबलेली योजना पहिल्याच पावसात वाहून जाईल. म्हणून त्याच पाड्यावरची आशाताई, अंगणवाडीसेविका, बचतगटातली शेजारीण, भजनी मंडळातला एखादा सोबती अशा कोणाकडे तरी पहिल्या पाच तारखा नावानिशी द्यायला हव्यात. पुढच्या चार तारखांना उपकेंद्र आहे. मुरबाड किंवा शहापूरच्या दवाखान्याची फेरीही त्यात बसवता येते.

यात अडसर आहे तो लपवण्याचा. दवाखान्यात पोचताच घरचे सांगतात, 'चुकून झालं'. पोलिसांची भीती, भावकीची लाज, लग्नाची मुलगी घरात. शरीर बरं होतं, सुटी मिळते, आणि मनाची नोंद कुठेच होत नाही. ही भीती जुन्या कायद्यानं घातलेली आहे. जीव द्यायचा प्रयत्न हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली गुन्हा होता. मुंबई उच्च न्यायालयानं १९८६ साली, मारुती श्रीपती दुबल विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात, हे कलमच घटनाबाह्य ठरवलं होतं. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाचा तो निकाल काळाच्या बराच पुढे होता. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली वेगळी भूमिका घेतली आणि कलम टिकलं. मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला आणि चित्र पालटलं. त्याचं कलम ११५ सांगतं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी, उपचार व पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं कलम ३०९ राहिलेलंच नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा उरला. दवाखान्यातून पोलिसांकडे नोंद जाते हे खरं, पण नोंद म्हणजे गुन्हा नव्हे. घरच्यांनी डॉक्टरला खरं सांगितलं तर माणूस तुरुंगात जात नाही, त्याची नऊ भेटींच्या यादीत जाण्याची शक्यता मात्र वाढते.

घरात करायची एक गोष्ट पुराव्यानं सिद्ध झालेली आहे. श्रीलंकेनं अतिविषारी शेतीऔषधांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आणली, आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथला आत्महत्येचा दर सुमारे सत्तर टक्क्यांनी उतरला. भातशेती चालूच राहिली. मरणाची तीव्र ओढ लाटेनं येते आणि ओसरते. त्या वेळी हाताशी काही नसलं तर पुष्कळ माणसं ती लाट पार करतात, आणि दुसऱ्या मार्गानं जाणारे थोडे असतात. म्हणून असा माणूस घरी आला की शेतीची औषधं घराबाहेर, कुलपात, शक्यतो दुसऱ्याच्या ताब्यात. जुन्या उरलेल्या गोळ्या परत करायच्या, चालू औषधं थोड्या दिवसांचीच आणायची आणि देणाऱ्यानं स्वतः द्यायची. हे करताना म्हाताऱ्या माणसापासून चोरून करू नये. 'बाबा, तुम्हाला बरं वाटेपर्यंत हे आमच्याकडे राहू दे' असं सांगून केलं तर त्यात पाळत नसते, माया असते, आणि त्याला ती कळते.

यातलं जवळजवळ सगळं आज उपलब्ध आहे. कायदा आहे, आशाताई आहे, फॉर्ममध्ये दोन प्रश्न आहेत, उपकेंद्र आहे. सुटीच्या कागदावर गोळ्यांच्या नावांखाली नऊ तारखा आणि त्या पाळणाऱ्या माणसाचं नाव अजून लिहिलं जात नाही. ग्रामसभेत किंवा रुग्ण कल्याण समितीत हा विषय काढायला कोणतीही पदवी लागत नाही.

आणि ज्यांना ही वाट आज, आत्ताच हवी आहे त्यांच्यासाठी: टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीतून चालतो. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ सकाळी आठ ते रात्री आठ. जीव धोक्यात असेल तर १०८ला फोन करायचा, आणि गाडी येईपर्यंत त्या माणसाला एकटं सोडायचं नाही.